तिसरं पान

“काय मग हेमलता, बारसं कधी करायचं?” माहुलकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

टेबलावर संगणक केंद्रातून आणलेला लांबलचक कागद पसरला होता. दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा. शाई इतकी फिकट की आठ आणि तीन यांतला फरक कळायला खिडकीपाशी जावं लागे. साल शहाण्णव. मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला होते आणि डॉ. यशोधरा माहुलकर माझ्या मार्गदर्शक होत्या.

विषय होता बालवाडी शिक्षिकांचं कामातलं समाधान. पाटणच्या पुढच्या डोंगरात एका संस्थेच्या वाडीवाडीवर बालवाड्या होत्या. तिथल्या तीनशे बायांकडून आम्ही गेल्या हिवाळ्यात फॉर्म भरून घेतले होते. तीन पानं, पानाला सहा प्रश्न. संगणक काय करतो, तर कुठल्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या सोबतीनं वरखाली होतात ते बघून प्रश्नांच्या टोळ्या, म्हणजे घटक, पाडतो. पहिल्या खेपेला धड काही कळत नाही, सगळे प्रश्न सगळ्या टोळ्यांना थोडे थोडे चिकटलेले असतात. मग अक्ष फिरवायचे. कपाट तिरकं बसलं की आपण ते जरा फिरवून भिंतीशी लावतो, तसंच. फिरवून झालं की प्रत्येक प्रश्नापुढे भारांक येतो. तो एकाच्या जवळ असला तर प्रश्न त्या टोळीचा, शून्याच्या जवळ असला तर नाही. यंत्राचं काम इथं संपतं. टोळीला नाव माणसानं द्यायचं असतं. त्यालाच बाई बारसं म्हणायच्या.

“पहिला घटक बघ,” बाई म्हणाल्या. “सहा प्रश्न, सगळे पॉइंट आठच्या वर. असे भारांक माझ्या प्रबंधातसुद्धा नव्हते गं.”

मी बघितलं. कामाचा उत्साह, मुलांचा लळा, गावाचा विश्वास, सहकाऱ्यांची साथ, संस्थेचा आधार. आणि सहावा, पाण्याची सोय.

“बाई, लळा आणि पाण्याची सोय एका घरात कशी नांदतील?”

“नांदतात. परिस्थितीशी जुळवून घेण्याची वृत्ती. ज्या बाईची वृत्ती चांगली तिला पाणीही पुरतं आणि मुलंही आवडतात. लिही, ‘समायोजन वृत्ती’.”

मी लिहिलं, पण पेन्सिलनं.

माझा स्वभाव मुळात संशयी. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून बघणाऱ्या आईची मी मुलगी. कुणी फार गोड बोललं की मी आधी खोट शोधते, आणि त्या कागदावरचे आकडे फार गोड होते. शिवाय चौथा प्रश्न होता, ‘मला माझे काम आवडते’. तो उत्साहाच्या शेजारी बसायला हवा की नाही? त्याचा त्या टोळीवरचा भारांक पॉइंट शून्य सहा. म्हणजे ज्या बाईला काम आवडतं तिच्या उत्साहाशी त्या आवडण्याचा काही संबंधच नाही! असं कुठं असतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विभागाच्या ग्रंथालयात सगळे फॉर्म घेऊन बसले. प्रश्नांचे क्रमांक कागदावर उतरवले आणि सरळ दिसलं. टोळीतले सहा प्रश्न म्हणजे तेरा ते अठरा. ओळीनं. मी तर प्रश्न मुद्दाम मिसळून टाकले होते, लळ्याचे, ताणाचे, संस्थेचे, सगळ्या पानांवर. ही वृत्तीबित्ती काही नव्हती. हे निव्वळ तिसरं पान होतं.

तिसऱ्या पानाची एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या दोन पानांवर उत्तरं शब्दांत होती, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. तिसऱ्या पानावर ‘किती?’ असा मथळा आणि पुढे नुसते आकडे, एक ते पाच. टंकलेखकानं सांगितलं, मॅडम, शब्द मावत नाहीत. मी म्हटलं, आकडे पुरेत. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे जास्त, हे शेंबड्या पोराला कळतं. त्या पानाच्या तळाशी दोन रिकाम्या ओळी होत्या, ‘आणखी काही सांगायचे आहे का?’ संगणकाला वाक्यं चालत नाहीत, म्हणून त्या ओळी मी कधी वाचल्याच नव्हत्या.

फॉर्म दोघांनी गोळा केले होते. एक निरंजन, बाईंचा भाचा. एम.ए. मानसशास्त्र, मोटरसायकल, डोळ्यांवर गॉगल. त्याचे एकशे बावन्न फॉर्म. दुसरी सगुणा लोहार, त्याच डोंगरातली, बी.ए. झालेली. तिचे एकशे अठ्ठेचाळीस. संस्थेत पर्यवेक्षिकेची जागा निघाली होती आणि आमच्या विभागानं तिच्या कामाबद्दल चांगलं पत्र दिलं की ती जागा तिला मिळणार होती. पत्राचा मसुदा बाईंच्या खोलीतल्या माझ्याच टेबलावर पडला होता.

मी दोन गठ्ठे वेगळे केले. निरंजनच्या फॉर्मात तिसऱ्या पानावर चार, पाच, चार, पाच. पहिल्या पानाशी मेळ खाणारं. सगुणाच्या गठ्ठ्यात एक, एक, दोन, एक. फॉर्मामागून फॉर्म. पहिल्या पानावर ‘मला मुले आवडतात, पूर्ण सहमत’ आणि तिसऱ्यावर लळा किती, तर एक! गावाचा विश्वास एक, उत्साह एक.

माझं डोकं तडकलं. दोन पानं हिनं कशीबशी विचारली असणार आणि तिसऱ्याला कंटाळून घरी बसून एकाखाली खुणा मारत सुटली असणार. चार वर्षं मी राबतेय आणि ही बया डोंगरात चिंचेखाली बसून माझ्या तोंडाला पानं पुसतेय.

सोमवारी तिला बाईंच्या खोलीत बोलावलं. ती आली ती हातात करवंदांची पुडी घेऊन. ती मी बाजूला ठेवली आणि फॉर्म पुढ्यात टाकले.

“हे तिसरं पान कुणी भरलं?”

“बायांनी.”

“सगळ्या बायांना मुलांचा लळा एक? मुलं आवडतात म्हणायचं आणि लळा नाही म्हणायचं?”

तिनं पान उचलून बघितलं. गोंधळलेली दिसली. मला तो गोंधळ चोराचाच वाटला.

“मॅडम, मी गेल्ते की सगळीकडं. येक येक वाडी पायानं केली. बायांच्या हातात पेन दिलं नि लांब बसले. तुमीच म्हणला हुता, मधी बोलायचं न्हाई.”

“सगुणा, खरं सांग. अजून वेळ गेलेली नाही.”

“खरंच सांगतीया.” तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “तुमी येऊन बघा. माझ्यासंगं चला नि कुठल्याबी बाईला इचारा.”

बाईंनी चष्मा उतरवला. “जाऊन ये बाई एकदा,” त्या मला म्हणाल्या. “तुझा संशय फिटेल.” निरंजन दाराशी उभा होता. “मावशी, उगीच कशाला त्रास? मॅडमना रस्ता झेपायचा नाही,” तो हसत म्हणाला. पत्राचा मसुदा मी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला आणि सगुणाच्या देखत कुलूप लावलं.

गुरुवारी सकाळी एसटीनं गेलो. शेवटच्या थांब्यापासून भैरवटेकला चालत दोन तास. वाटेत सगुणा पुढे चालत होती. चढावर माझा श्वास फुलला की न सांगता थांबायची, मी निघाले की निघायची. मी मनात म्हणत होते, आता गावात आधीच निरोप गेलेला असणार, तिथली शिक्षिका पढवून ठेवलेली असणार.

भैरवटेकची बालवाडी म्हणजे देवळाशेजारची एक खोली. वत्सलाबाई नावाच्या पन्नाशीच्या शिक्षिका वीसेक पोरांना गोल बसवून टाळ्या वाजवायला लावत होत्या. मी सगुणाला बाहेर थांबवलं आणि एकटीच आत गेले. पर्समधून कोरा फॉर्म काढून तिसरं पान त्यांच्यापुढे धरलं.

“हे पुन्हा भरा बरं.”

“मागल्या टायमाला चुकलं का काय?” त्या घाबरल्या. पदराला हात पुसून त्यांनी पेन घेतलं. उत्साह, एक. लळा, एक. मांडीवर एक शेंबडं पोर चढून बसलं होतं, दुसरं पाठीवरून गळ्यात हात टाकून लोंबकळत होतं.

“वत्सलाबाई, लळा एकच?”

“मग? येकच की.”

“एक म्हणजे किती?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही शिकलेली बाई आणि हिला एवढंही कळू नये. मग बोटानं दाराकडे दाखवलं. येताना मी ते बघितलंच नव्हतं. चौकटीच्या वर लाल रंगात लिहिलं होतं, ‘श्रेणी १’.

“दर साली तपासनीला येत्यात न्हवं संस्थेचे सायेब? येक ते पाच. येक म्हंजे समद्यात बेस. पाच मिळालं तर बालवाडी बंद. आमच्या संस्थेत चुलीफुडची सून बी सांगंल हे.” त्या हसल्या. “पाण्याला दोन टाकलं हाय बगा. झरा लांब हाय, खोटं कशाला लिवू?”

मी तिथंच पोरांच्या सतरंजीवर बसले. बाहेर सगुणा पायरीवर बसली होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं आत डोकावून बघितलं नाही.

मला लाज वाटली, खूप वाटली. पण माझं संशयी डोकं लाजेतही थांबेना. संस्थेतल्या प्रत्येक बाईला एक म्हणजे उत्तम हे दारावर वाचून पाठ आहे. फॉर्म भरताना कुणी मध्ये बोलायचं नाही असा माझाच नियम. मग निरंजनच्या एकशे बावन्न बायांना पाच म्हणजे उत्तम हे कुणी सांगितलं?

“सगुणा,” मी बाहेर येऊन विचारलं, “आंबेकुंड इथून किती लांब?” आंबेकुंड निरंजनच्या यादीत होतं. तिथल्या शिक्षिकेचा फॉर्म मला आठवत होता, सगळा चार-पाचांचा.

“खिंड वलांडली की. पर तिथं काय हाय?”

“चल.”

आंबेकुंडच्या बालवाडीच्या खोलीत पिठाची गिरणी चालू होती. पिठानं पांढऱ्या झालेल्या माणसानं पट्टा थांबवून सांगितलं, “बालवाडी? तिला दोन वर्सं झाली की बंद हून. बाई लगीन करून गेली कोरेगावला.” चौकटीवर अजून पुसट अक्षरं होती, ‘श्रेणी ५’.

मग सगळं लख्ख झालं. संस्थेच्या जुन्या यादीवरून गावं उचलून त्यानं फॉर्म घरीच भरले होते. निरंजन मानसशास्त्र शिकलेला होता. कुठला प्रश्न कुठल्या प्रश्नासोबत जायला हवा हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून त्याचे फॉर्म इतके गुळगुळीत. संगणकानं जो पहिला घटक शोधला होता, ज्याचं बाईंनी बारसं केलं होतं, तो बायांच्या मनातला नव्हताच. डोंगर चढून गेलेलं कोण आणि घरी बसलेलं कोण, एवढंच तो दाखवत होता.

उतरताना मी सगुणाला म्हटलं, “माझं चुकलं.”

“असू द्या,” ती म्हणाली. “माज्या बायांचं खरं ठरलं ना? बास झालं.” थोडं चालून गेल्यावर म्हणाली, “त्या सारख्या इचारत्यात, आमचं उत्तर कुठवर गेलं. आता सांगती त्यांस्नी.” त्या दिवशी पहिल्यांदा ती मोकळी हसली.

शुक्रवारी मी बाईंपुढे सगळं मांडलं. म्हटलं, निरंजनचे फॉर्म काढून टाकू. सगुणाच्या तिसऱ्या पानाचे आकडे उलटे करून घेऊ आणि एकशे अठ्ठेचाळीसवर पुन्हा विश्लेषण करू.

बाईंनी पेपरवेट उचलून माझ्या कागदांवर ठेवला.

“आणि प्रबंधात काय लिहिशील? मार्गदर्शकाच्या भाच्यानं फॉर्म घरी भरले?”

“खरं तेच लिहावं लागेल.”

“लिही. मग विद्यापीठ चौकशी समिती नेमेल. दोन वर्षं. तुझी जूनमधली नोकरीची मुलाखत गेली. माझं नाव गेलं. आणि हे आकडे उलटे करण्याचं परीक्षकाला कसं पटवशील? दारावर रंगानं लिहिलं होतं म्हणून?” त्यांचा आवाज मऊ झाला. “हेमलता, मला तुझं वाईट करायचं नाही. दुसरा रस्ता आहे. एकच गठ्ठा ठेवायचा आहे ना? मग दुसरा ठेव.”

त्यांनी आपल्या ड्रॉवरमधून कागद काढला. फक्त निरंजनच्या फॉर्मांचं विश्लेषण त्यांनी आधीच करून आणवलं होतं. मी डोंगरात असताना. तीन घटक, तीन टोळ्या, प्रत्येक प्रश्न आपापल्या घरी. पाण्याची सोय नीट संस्थेच्या सोयींमध्ये. शाळेच्या पुस्तकात छापावा असा तक्ता.

“हे नितळ आहे,” बाई म्हणाल्या.

जन्मभर ज्यावर संशय घेतला ते नितळपण माझ्यासमोर होतं, आणि ते खोटं आहे हे मला पक्कं माहीत होतं. संशयाचा प्रश्नच उरला नव्हता. मला आईच्या पेन्शनीवर चाललेलं घर दिसलं, जूनची मुलाखत दिसली. मी म्हटलं, “सगुणाचे फॉर्म का वगळले म्हणून काय लिहायचं?”

बाईंनी सांगितलं, मी टाइप केलं. ‘एका क्षेत्र-कार्यकर्तीने गोळा केलेले १४८ फॉर्म परस्परविसंगत व अविश्वसनीय आढळल्याने वगळण्यात आले.’

असं वाक्य प्रबंधात घातल्यावर तिला चांगल्या कामाचं पत्र कसं देणार? ड्रॉवरचं कुलूप मी उघडलंच नाही. पर्यवेक्षिकेची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मला जुलैत नोकरी लागली, त्याच विभागात. पुढच्या मार्गशीर्षात एके दुपारी सगुणा आली. मी ग्रंथालयात होते. तिनं माझा प्रबंध मागून घेतला, काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा. टेबलाशी उभ्याउभ्याच शेवटची पानं उघडली. तिथं गावांची यादी होती. तिचं बोट वरून खाली गेलं, मग पुन्हा वरून खाली.

“मॅडम, भैरवटेक न्हाई ह्यात.”

मी हातातलं पुस्तक मिटलं.

“आंबेकुंड हाय.”

तिनं पानं उलटी चाळत नेली आणि ते वाक्य सापडेपर्यंत ती वाचत राहिली. मराठीतच लिहिलेलं होतं, अडायचं काही कारण नव्हतं.

“हे कुणी लिवलं?”

बाईंनी सांगितलं, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“मी.”

तिनं प्रबंध मिटून माझ्यापुढे सरकवला. “मला काय करायचं ते करा,” ती म्हणाली, “पर त्या बायांस्नी मी काय सांगू?” उत्तरासाठी ती खरंच थांबली. मग पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर मी तिला कधी बघितलं नाही.

त्या दुपारी कपाटाच्या तळातून मी तिचा गठ्ठा काढला. पहिल्यांदाच तिसऱ्या पानाचा तळ वाचला, त्या दोन ओळी, ज्या संगणकाला चालत नव्हत्या. निरंजनच्या एकशे बावन्न फॉर्मांवर त्या कोऱ्या होत्या, एकूण एक. सगुणाच्या फॉर्मांवर वाकडीतिकडी अक्षरं दाटली होती. झरा आटतो. पोरांना दुपारचं खायला द्या. छप्पर गळतं. पाटी-खडू पाठवा.

वत्सलाबाईंचा फॉर्म शेवटी सापडला. त्यांनी दोन ओळींच्या जागेत चार ओळी बसवल्या होत्या. आता मी निवृत्त झाले, विद्यार्थ्यांच्या कितीएक तक्त्यांची बारशी केली, पण तो फॉर्म अजून माझ्या घरी आहे.

‘बाई, मी सातवी शिकलेली आहे. ऊत्तर चुकलं आसल तर माजं चुकलं. सगुनाला बोलू नका. ती लांबून चालत येती.’